बावीस-दोन-बावीस आणि बारा जुलै

आकड्यांची नक्षी जुळलेली तारीख जवळ आली, की पुण्यातल्या घराघरांत तीन गोष्टींची आखणी सुरू होते. लग्न, गाडी आणि बाळंतपण. ११-११-११ च्या वेळी हे झालं, १२-१२-१२ च्या वेळी झालं, २२-२-२२ च्या वेळीही झालं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी काही तक्रार नाही. लग्न कुठल्या तारखेला करायचं हे नवरा-नवरी ठरवतील, आणि वाढदिवस लक्षात राहत नाही अशा नवऱ्याला निदान लग्नाची तारीख लक्षात राहत असेल तर चांगलंच आहे. गाडीसाठी आरटीओत पसंतीचा क्रमांक मिळावा म्हणून लाखांनी पैसे मोजणारेही आपल्याकडे आहेत. ४१४१ मध्ये ‘दादा’ वाचायचं आणि ८०५५ मध्ये ‘बॉस’ वाचायचं, हा त्यांच्या खिशाचा प्रश्न आहे. तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. आकडे छान दिसतात म्हणून बाईच्या पोटावर सुरी चालवायची आणि दिवस भरायच्या आत मूल बाहेर काढायचं, याला ‘हौस’ म्हणून सोडून देता येणार नाही.

पण आधी या तारखांकडे नीट पाहू. त्या खरोखर किती दुर्मिळ असतात, हे कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात कळतं, आणि त्यात मजाही आहे.

उलटसुलट सारखी वाचता येणारी तारीख कशी मिळते? वर्ष उलटं लिहायचं. २०२२ उलटं लिहिलं की २२०२. म्हणजे २२ तारीख, दुसरा महिना. २०२१ उलटं केलं की १२०२, म्हणजे १२ फेब्रुवारी. २०२० उलटं केलं की ०२०२, म्हणजे २ फेब्रुवारी. या शतकातलं प्रत्येक वर्ष २० ने सुरू होतं, त्यामुळे उलटं केल्यावर शेवटी ०२ येणारच. म्हणून या शतकातल्या अशा सगळ्या तारखा फक्त फेब्रुवारीत येतात. किती येतात? फेब्रुवारीच्या प्रत्येक दिवसाला एक, म्हणजे एकोणतीस. २९ तारखेचीही पाळी येते, कारण २९-०२-२०९२ ही तारीख लागते आणि २०९२ हे लीप वर्ष आहे. २००१ च्या १० फेब्रुवारीपासून २०२२ च्या २२ फेब्रुवारीपर्यंत अशा आठ तारखा होऊन गेल्या. पुढची आहे ३ फेब्रुवारी २०३०.

आता मागे जाऊन पाहा. १९ ने सुरू होणारं वर्ष उलटं केलं की महिना ९१ येतो. असा महिना नाही. १८ चं ८१, १७ चं ७१, १२ चं २१. एकही चालत नाही. मागे जात जात थेट ११९२ सालापर्यंत जावं लागतं. २९-११-११९२. म्हणजे आठशे वर्षांहून जास्त काळ अशी एकही तारीख नव्हती आणि आपल्या डोळ्यांदेखत बावीस वर्षांत आठ आल्या. हे ऐकून कुणालाही वाटेल की आपली पिढी काही वेगळीच. मलाही हा हिशोब पहिल्यांदा मांडल्यावर आनंद झाला होता.

पण ११९२ मध्ये इथे काय होतं? देवगिरीवर यादवांचं राज्य होतं. शके १११४ चालू होतं. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या एकाही माणसाने कुठल्याही कागदावर २९-११-११९२ असं लिहिलं नाही. ती तारीख आपण आज मागे जाऊन लिहिली आहे. ज्या ग्रेगरियन पद्धतीने आपण आज दिवस मोजतो ती पद्धतच १५८२ साली आली, आणि ती आणताना ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर आला. इंग्रजांनी ती १७५२ साली घेतली, तेव्हा त्यांच्या दप्तरातून सप्टेंबरचे अकरा दिवस नाहीसे झाले. जी मोजणी माणसांनी ठरवून अशी पुढे ढकलली, तिच्यातल्या आकड्यांना आकाशातल्या कुठल्या शक्तीने अर्थ दिला असेल?

आणखी जवळचं उदाहरण घ्या. पुण्यातल्या पुष्कळ घरांतला एक मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते. तिकडे महिना आधी लिहितात. त्यामुळे २२-०२-२०२२ ही इकडे उलटसुलट सारखी असलेली तारीख तिकडे ०२-२२-२०२२ होते आणि उलटसुलट नक्षी विस्कटते. कोथरूडमधल्या आजीला उलटसुलट दिसणारी तारीख न्यू जर्सीतल्या नातवाला तशी दिसतच नव्हती. आणि आपल्याच भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत, जी मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झाली आणि आकाशवाणीवर जिची तारीख आपण ऐकतो, त्यात तो दिवस होता ३ फाल्गुन १९४३. ११-११-११ होता २० कार्तिक १९३३. यात काही जुळत नाही, काही उलटत नाही. दिवस तोच, सूर्य तोच, मुठा नदीत पाणी तेवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी एक संदेश फिरतो. या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार आहेत, असा योग ८२३ वर्षांतून एकदा येतो, अकरा जणांना पाठवा म्हणजे पैसा येईल. हा संदेश मला शिकलेल्या, हिशोबात पक्क्या असलेल्या माणसांकडून येतो, म्हणून त्याचं जास्त वाईट वाटतं. एकतीस दिवसांचा कुठलाही महिना शुक्रवारी सुरू झाला की हे घडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये घडलं. मे २०२६ आणि जानेवारी २०२७ हे महिनेही शुक्रवारीच सुरू होतात. म्हणजे दीड वर्षाच्या आत तीनदा. मुळात ८२३ हा आकडाच अशक्य आहे. आपल्या इंग्रजी कॅलेंडरची चारशे वर्षं म्हणजे १,४६,०९७ दिवस, आणि या संख्येला सातने पूर्ण भाग जातो. २०,८७१ आठवडे बरोबर. त्यामुळे चारशे वर्षांनी तारीख आणि वार यांची सगळी मांडणी जशीच्या तशी पुन्हा येते. वारांचा कुठलाही योग एकदा आला असेल तर तो चारशे वर्षांच्या आत परत यायलाच हवा. हा भागाकार पाचवीतल्या मुलाला येतो. तो करून न पाहता आपण ‘फॉरवर्ड’ करतो.

याहून त्रासदायक प्रकार २०२५ मध्ये पाहिला. २०२५ चं कॅलेंडर आणि १९४१ चं कॅलेंडर अगदी सारखं आहे, तेव्हा महायुद्ध पेटलेलं होतं, आताही युद्धं, अपघात, सगळं तसंच, असे संदेश जून महिन्यात धडाधड आले. कॅलेंडर सारखं आहे हे खरं आहे. पण तेच कॅलेंडर १९४७ चंही आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, १५ ऑगस्ट २०२५ लाही शुक्रवार होता. तेच कॅलेंडर १९५८, १९६९, १९७५, १९८६, १९९७, २००३ आणि २०१४ चं. या सगळ्या वर्षांतून एक १९४१ उचलायचं आणि बाकीची झाकून ठेवायची, कारण आपल्याला आधीच भीती वाटत असते आणि त्या भीतीला कुठेतरी टेकायला जागा हवी असते. भीती खरी होती, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्याच्या घरात ती पेरण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

पुणेकरांनी हाच हिशोब आपल्या शहरापुरता करून पाहावा. १९६१ हे पानशेतच्या पुराचं वर्ष, आणि त्याचं कॅलेंडर २०२३ मध्ये परत आलं होतं. त्याआधी २०१७ मध्ये, २००६ मध्ये, १९९५ मध्येही आलं होतं. १२ जुलै १९६१ ला बुधवार होता, १२ जुलै २०२३ लाही बुधवारच होता. २०२३ च्या त्या बुधवारी खडकवासला धरण जागेवर होतं.

१२ जुलै या तारखेत काहीही नक्षी नाही. बारा, सात, एकसष्ट. अंकशास्त्राचा धंदा करणाऱ्यालाही त्यातून फार काही काढता येणार नाही. पण नदीकाठच्या पेठांमधल्या सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या कुणाहीसमोर ‘बारा जुलै’ एवढेच दोन शब्द उच्चारा. वर्ष सांगावं लागत नाही. बांधकाम पूर्ण न झालेल्या पानशेत धरणात त्या पावसाळ्यात पाणी साठलं, धरण सकाळी फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं एकोणिसाव्या शतकातलं जुनं धरणही फोडलं आणि पाणी शनिवार, नारायण, कसबा पेठांत आणि डेक्कनवर घुसलं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण जेवढा वेळ तगवलं, त्यामुळे ते मध्यरात्री न फुटता दिवसा फुटलं आणि कितीतरी जीव वाचले. गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्यांमागे त्या पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचा इतिहास आहे. बारा जुलैला अर्थ आहे तो इथून आलेला. पाण्याने दिला, जवानांनी दिला, चिखल उपसणाऱ्यांनी दिला.

हेच २०२० बद्दल म्हणता येईल. ०२-०२-२०२० ही तारीख तर जगभर डोक्यावर घेतली गेली, कारण ती भारतीय पद्धतीने लिहा, अमेरिकी पद्धतीने लिहा किंवा वर्ष आधी लिहा, उलटसुलट सारखीच राहते. अशी याआधीची तारीख ११-११-११११ आणि पुढची १२-१२-२१२१. इतका देखणा दिवस आणि मग काय झालं? पाच आठवड्यांनी, ९ मार्चला, महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित पुण्यातच सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. नऊ-तीन-वीस. ना सुलट, ना उलट. पुढची दोन वर्षं या शहराने ज्या रुग्णवाहिका ऐकल्या त्यांची सुरुवात त्या दिवशी झाली.

आता कुणी म्हणेल, की आपल्या संस्कृतीत तर योगांना पहिल्यापासून मान आहे, तुम्हाला तेही पुसून टाकायचं आहे का? अजिबात नाही. क्वचित घडणाऱ्या गोष्टीला आपण ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणतो. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात आणि सूर्य हस्तात, एवढं सगळं एका दिवशी जमलं तर ती कपिलाषष्ठी. हे जमवून पाहणारा माणूस आकाशाकडे मान वर करून पाहत होता, गणित करत होता. त्या पंचांगकर्त्यांबद्दल मला आदर आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली याच पुण्यातून बाहेर पडला. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर, ती आकाशात मोजता येते. २२-२-२२ आकाशात कुठेही मोजता येत नाही.

आणि योगाला खरं मोल येतं ते त्यापुढे. सोमवारी अमावस्या आली की सोमवती. हा योगायोग वर्षातून साधारण एक-दोनदा, कधी तीनदा येतो, त्यात फार दुर्मिळ असं काही नाही. पण त्या दिवशी जेजुरीचा खंडोबा पालखीत बसून गड उतरतो आणि कऱ्हेवर स्नानाला जातो. गावोगावची माणसं आलेली असतात. भंडाऱ्याने पायऱ्या, कपडे, केस, सगळं पिवळं झालेलं असतं. खांदेकरी पालखीला खांदा देतात, पुढे गर्दी, मागे गर्दी, आणि अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या कपाळाला भंडारा लावतो. मी देव मानतो की नाही हा इथे प्रश्नच नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक एका दिवशी एकत्र येऊन काहीतरी करत आले, म्हणून तो दिवस भरलेला आहे. ११-११-११ ला कोण कोणाला भेटलं? कोणतं काम झालं? १२-११-११ उजाडला आणि संपलं.

शिवजयंतीचा वादही मला याच बाजूने समजतो. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही नोंद जेधे शकावलीत आहे आणि ती शकावली टिळकांनी उजेडात आणली. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, पण ती जुन्या ज्युलियन मोजणीतली. आजच्या ग्रेगरियन मोजणीने तो दिवस १ मार्च येतो. सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला, पुष्कळ लोकांची तिथीने. तारखेवाले आणि तिथीवाले एकमेकांशी भांडतात, पण शिवनेरीच्या पायऱ्या दोन्ही दिवशी भरलेल्या असतात. जन्म महाराजांचा आहे म्हणून त्या दिवसाला तेज आहे. आपण तो कुठल्या आकड्याखाली लिहितो यावरून ते कमी-जास्त होत नाही. आणि जिजाऊंनी ती तारीख निवडलेली नव्हती.

इथून मी मूळ मुद्द्याकडे येतो.

माझी भाची २०२२ च्या सुरुवातीला गरोदर होती. तारीख दिलेली होती मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली. तिच्या सासूबाईंच्या मनात २२-२-२२ भरलं. एका ठिकाणी विचारून आल्या, तिथे ‘करून देऊ, पॅकेज असं असं’ एवढंच उत्तर मिळालं होतं. मग नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे सगळे गेले. मीही सोबत होतो. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, बाविसाला करून टाकू या ना. सगळे दोन-दोन येतायत. मंगळवार आहे, गणपतीचा वार आहे.” डॉक्टरीणबाईंनी फाइल बंद केली. म्हणाल्या, “काकू, बाविसाला हिचे छत्तीस आठवडे होतात. बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर बिल तुम्ही भराल, पण श्वास त्यालाच घ्यायचाय.” मग त्या भाचीकडे वळल्या आणि विचारलं, “तुला काय वाटतं गं?” तोपर्यंत तो प्रश्न तिला कुणीच विचारलेला नव्हता. ती म्हणाली, “मला नकोय.” आवाज एवढा लहान होता की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं.

त्या सासूबाई वाईट नव्हत्या. नातवंडाच्या वाट्याला सगळं चांगलं यावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्या इच्छेला करायला काही काम नव्हतं, म्हणून तिने आकडे धरले. अशा किती घरांमध्ये माया या वाटेने जाते. म्हणूनच ही गोष्ट टिंगल करून संपणार नाही. त्यांना समोर बसवून समजावून सांगावं लागेल.

काय सांगायचं? हेच, की सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं मूल वैद्यकीय भाषेत अकाली जन्मलेलं असतं. सदतीसनंतरही घाई बरी नाही. वैद्यकीय कारण नसेल तर ठरवून करायचं सिझेरियन एकोणचाळीस आठवडे पुरे झाल्याशिवाय करू नये, असा जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांचा सल्ला आहे. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात द्रव असतो. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात जे बदल होतात त्यांनी तो द्रव शोषला जायला मदत होते. कळा न येता आणि दिवस न भरता बाळ बाहेर काढलं तर त्याला धाप लागण्याची, श्वासासाठी अतिदक्षता विभागात ठेवावं लागण्याची शक्यता वाढते. आईच्या गर्भाशयावर जखमेचा व्रण राहतो, आणि पुढच्या खेपेला वार, म्हणजे प्लासेंटा, त्या व्रणात रुतून बसण्याचा धोका राहतो. हा धोका सिझेरियनच्या संख्येबरोबर वाढत जातो. सिझेरियनने लाखो जीव वाचले आहेत. गरज असेल तेव्हा ते झालंच पाहिजे, आणि तेव्हा मुहूर्त पाहत बसणं हाही तितकाच मोठा गुन्हा आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या खासगी रुग्णालयांमधल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झाल्याचं दिसलं, सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण १४.३ टक्के होतं. एवढी तफावत केवळ बायकांच्या शरीरांमुळे पडत नाही. त्यात सोय आहे, पैसा आहे, भीती आहे, आणि थोडा वाटा आपल्या तारखांचा आणि मुहूर्तांचाही आहे.

जन्मवेळ चांगली साधली तर मूल हुशार निघेल, असं मानणाऱ्यांसाठी पुण्यातच एक प्रयोग झाला. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर शाळेत चमकणारी मुलं, शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलं. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कुठल्या गटातली एवढंच ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. ज्या वेळेतून मूल हुशार आहे की नाही एवढंही वाचता येत नाही, ती वेळ साधण्यासाठी टाके घालून घ्यायचे?

या प्रयोगातल्या एका नावाशी जोडलेली आणखी एक तारीख पुण्यात आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर दर महिन्याच्या वीस तारखेला कार्यकर्ते त्या पुलावर जमत राहिले. उन्हात, पावसात, तपास पुढे सरकत असो वा नसो. वीस या आकड्यात काहीही विशेष नाही. माणसांनी तिथे येऊन उभं राहायचं ठरवलं आणि ठरवलेलं पाळलं, म्हणून ती तारीख पुण्याच्या दिनदर्शिकेत कायमची कोरली गेली.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. एकोणचाळीस आठवडे झालेत, बाळ आडवं आहे किंवा आधीचं बाळंतपण सिझेरियनने झालेलं आहे, म्हणजे शस्त्रक्रिया व्हायचीच आहे. मग मंगळवारऐवजी गुरुवार निवडला तर काय बिघडलं? काही बिघडलं नाही. आई तयार असेल, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हजर असतील, तर खुशाल आवडीचा दिवस घ्या. पण ‘पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनीच’ असा हट्ट धरू नका. त्या वेळी थकलेले हात, कमी माणसं आणि बंद रक्तपेढी यांची किंमत आई मोजते. मला आक्षेप आहे तो दिवस भरायच्या आत घाई करण्याला, आणि टेबलावर जिला झोपायचं आहे तिला न विचारता ठरवण्याला.

दुसरा आक्षेप मला मान्य नाही. ‘आम्ही नाही म्हटलं तर पेशंट पलीकडच्या दवाखान्यात जाईल,’ असं काही डॉक्टर म्हणतात. जाईल, हे खरं आहे. म्हणून तर हे एकट्या डॉक्टरच्या सचोटीवर सोडता येत नाही. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात आज ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा फलक लावावा लागतो. १९९४ च्या कायद्याने तो बंधनकारक आहे. त्या फलकाने सगळं थांबलं असं मी म्हणत नाही, पण विचारणाऱ्याची जीभ अडखळते आणि नाही म्हणणाऱ्याला आधार मिळतो. त्याच्या शेजारी दुसरा फलक हवा. ‘वैद्यकीय कारणाशिवाय, एकोणचाळीस आठवड्यांपूर्वी, तारखेसाठी किंवा मुहूर्तासाठी सिझेरियन केले जात नाही.’ पुण्यातल्या प्रसूतितज्ज्ञांनी एकत्र बसून हा निर्णय घेतला आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाने खासगी रुग्णालयांना तो लावायला सांगितला, तर कायदा व्हायची वाट पाहावी लागणार नाही. सिझेरियन का केलं, किती आठवडे झाले होते, ही माहिती रुग्णालयाने महिन्याच्या महिन्याला द्यावी आणि महापालिकेने ती रुग्णालयाच्या नावासह जाहीर करावी. ज्या महिन्यात नक्षीदार तारीख येते त्या महिन्याचे आकडे आपोआप बोलतील.

पुढची उलटसुलट तारीख ३ फेब्रुवारी २०३० आहे, रविवार. त्या सुमाराला ज्या बाळांचे दिवस भरतील त्यांच्या आया २०२९ च्या मे महिन्यात गरोदर राहतील. ज्यांचे दिवस फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये भरायचे आहेत, घाई त्यांच्यावर येणार आहे. हा फलक त्याआधी लागायला हवा.